राहतो शहापुरात, पगार शिनोळीत. टॅक्स कुठं?

शहापूरकर:
घर बेळगावात शहापूरला, नोकरी शिनोळीत. बाची सोडली की महाराष्ट्र. रोज गाडीवरनं जाऊन-येऊन करतो. पगार 23 हजार. स्लिपवर दर महिन्याला 'पी. टी. 200' कापलेलं असतंय, फेब्रुवारीत तर 300 गेले. इथंच बेळगावात उद्यमबागेत कामाला असलेल्या दोस्ताला 24 हजार आहेत, त्याचा एक पैसा कापत नाहीत. बरं, आमच्याच लाईनवर वहिनी आहे, 18 हजारवर, तिचीपण स्लिप कोरी! ऑफिसात विचारलं तर "तू कर्नाटकचा, दोन्हीकडं रिटर्न भरावं लागणार" म्हणून घाबरवून सोडलं. वरच्या खोलीचं भाडं 4 हजार येतंय ते वेगळंच. कर्जासाठी बँक रिटर्न मागतेय. कुठलं भरू?

टिळकवाडी_67:
दोन रिटर्न कुठली ओ! इन्कम टॅक्स केंद्राचा. पॅन एक, रिटर्न एक, पत्ता शहापूरचाच घाला. पगार आणि भाडं दोन्ही त्यातच दाखवायचं, भाड्यातनं 30 टक्के वजा होतात. इन्कम टॅक्सच्या दोन पद्धती, जुनी आणि नवीन; नवीन पद्धतीत वर्षाला 4 लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे तुम्हाला भरायचं शून्य. तरी बँकेसाठी आयटीआर-1 (पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म) टाकून ठेवा.

निपाणीचा_पाव्हणा:
ते पी. टी. चे 200 म्हणजे व्यवसाय कर (प्रोफेशनल टॅक्स), तो राज्याचा. राहता कुठं ते बघत नाहीत, राबता कुठं ते बघतात. मी निपाणीतनं कागलला जातो, माझंपण तेच. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार 10 हजारांच्या वर गेला की 200; बायकांना 25 हजारांपर्यंत माफ, म्हणून वहिनी सुटली. कर्नाटकात 2023 पासून 25 हजारांच्या आत कुणालाच नाही, म्हणून दोस्त सुटला. अडकला तो तू! घटनेनं वर्षाला 2500 ची मर्यादा घातलीय: 11 महिने 200 आणि फेब्रुवारीत 300, जुळलं? परत काही मिळत नाही. इन्कम टॅक्स काढताना त्याची वजावट फक्त जुन्या पद्धतीत.

खानापूर_रोड:
सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. शिनोळीच्या कॅशियरनं निकाल लावून टाकला की!

शहापूरकर:
😀 म्हणजे वहिनीचा पगार 25 च्या वर गेला की तिचेपण 200 जाणार. सांगतो तिला. आणखी एक, कंपनी फॉर्म 16 (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) देत नाही, टीडीएस म्हणजे पगारातनं इन्कम टॅक्स कापलाच नाही म्हणते. नुसत्या स्लिपा चालतील काय?

टिळकवाडी_67:
चालतात. रिटर्नला कागद जोडायचे नसतात, पण बाराही स्लिपा जपून ठेवा. बँकवाला त्याच मागणार.