उसन्या वस्तूंची जादू: खरी आयत्या वेळची कोणती म्हणायची?

प्रश्न (पंचवटीकर)

नाशकात हौसेने जादू करणाऱ्या आमच्या छोट्या गटात एक वाद अडकून पडलाय. मिसळीच्या टेबलावर कुणी म्हणालं, "काहीतरी करून दाखवा," आणि आपण समोरच्याच वस्तू घेऊन प्रयोग केला, तर तो आयत्या वेळचा म्हणायचा का? तीन उदाहरणं देतो. पहिलं: नाणं प्रेक्षकाचं, पण आपल्या खिशातलं तसंच दुसरं नाणं मदतीला. दुसरं: कागदी नॅपकिन तिथलाच, पण फर्माईश होण्याआधीच एक चुरगळून हातात दडवलेला. तिसरं: सगळं उसनं, फक्त घड्याळाच्या पट्ट्याखाली लोहचुंबक. यातलं काय चालेल? आणि स्टीलचा ग्लास, वर्तमानपत्र, कागदी कप, नाणी, नोटा एवढ्यावर भरवशाचं काय करता येतं, तेही तपशिलात सांगा.

उत्तर १ (रविवार कारंजा)

माझी कसोटी सोपी आहे. फर्माईश होते त्या क्षणी तुमचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले तरी प्रयोग होतो का? होत असेल तरच तो आयत्या वेळचा. हाताची तयारी कितीही वर्षांची असू द्या, वस्तूची तयारी शून्य हवी. त्यामुळे चुंबक बाद, खिशातलं नाणंही बाद. ते प्रयोग वाईट नाहीत, पण त्यांना 'आयत्या वेळचे दिसणारे' म्हणावं.

चुंबकाला आणखी एक अडचण आहे. चालू १ आणि २ रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची, ती चुंबकाला चिकटतात. ५ चं पितळी नाणं चिकटत नाही. समोरच्याने नेमकं तेच काढलं की प्रयोग तिथेच संपला.

आता ग्लास. नाण्यावर स्टीलचा रिकामा ग्लास उपडा ठेवायचा, वर वर्तमानपत्राचा एक पदर लपेटून ग्लासाचा आकार उठवायचा आणि "नाणं टेबलातून आरपार जाईल" असं सांगायचं. नाणं जात नाही. ते पाहण्यासाठी ग्लास कागदासकट उचलून आपल्याकडे आणायचा. सगळे नाण्याकडे बघतात, तेवढ्यात टेबलाच्या कडेमागे पकड सैल केली की ग्लास मांडीत घसरतो. पोकळ कागद पुन्हा नाण्यावर ठेवून वरून थाप मारायची, मग टेबलाखालून ग्लास काढून द्यायचा.

हे फसतं ते चार ठिकाणी. कागदाची खालची कड ग्लासाच्या काठाखाली दुमडली गेली तर ग्लास सुटत नाही, म्हणून कागद टेबलापासून अर्धा सेंटिमीटर वरच संपवा. ग्लास ओला असेल तर कागद चिकटतो, आधी पुसून घ्या. मांड्या जुळलेल्या नसतील तर ग्लास थेट फरशीवर, आणि स्टीलचा तो आवाज झाकणारं कोणतंही बोलणं नाही. चौथं सगळ्यात महत्त्वाचं: शेजारी कुणी बसलेलं नको. मिसळीच्या ठिकाणी लांब बाकडं असेल आणि दोन्ही बाजूंना माणसं असतील, तर हा प्रयोग काढूच नका. भिंतीला पाठ, प्रेक्षक समोर, तेव्हाच.

उत्तर २ (कॉलेज रोडवरचा हात)

खिशांची कसोटी मला अपुरी वाटते. नॅपकिनचंच बघा, म्हणजे तो फाडून पुन्हा अख्खा करून दाखवण्याचा प्रयोग: दडवलेला नॅपकिन खिशात कधी नव्हताच. माझ्या मते प्रश्न वेळेचा आहे. वापरलेली प्रत्येक वस्तू त्याच जागेची आणि फर्माईशीनंतर हातात आलेली असेल तर प्रयोग आयत्या वेळचा. स्टँडमधून एक काढतोय असं दाखवत दोन नॅपकिन एकदम काढले, तर ती हाताची करामत आहे, तयारी नाही. आधीच चुरगळून बसलात, तर ती तयारी.

करायचं कसं: दुसरा नॅपकिन पहिल्याच्या मागे धरून उजव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी गोळा करत न्यायचा. पहिल्याचे चार तुकडे करायचे, जास्त नकोत, कारण जाड गोळीची अदलाबदल अवघड जाते. तुकड्यांची गोळी आणि अख्ख्याची गोळी क्षणभर एकमेकींना चिकटवून दाबायची, बोटं फिरवताना अख्खी पुढे आणि तुकडे मागे. मग सावकाश उलगडायचा. अख्खी गोळी नेहमी थोडी सैल राहते, म्हणून तुकड्यांचीही सैलच वळा.

आणि एक कळकळीची सूचना: आधी हात धुवा. तर्रीचा लाल डाग फाडलेल्या नॅपकिनवर आहे आणि 'जोडलेल्या'वर नाही, हे लहान मुलालाही दिसतं. शेवटी फाटके तुकडे हातात उरतात. ते उरलेल्या पावाच्या ताटलीखाली वगैरे सरकवायचे. जादूगाराकडे काहीतरी उरतं, हा या प्रयोगाचा कमकुवतपणा मी मान्य करतो.

उत्तर ३ (सराफ गल्ली)

म्हणूनच मी नोट आणि नाणं यांच्या बाजूचा आहे: नोटेच्या पुडीत घातलेलं नाणं गायब करायचं. दोन्ही उसनी, दोन्ही तीच परत, हातात काही उरत नाही.

५०० ची चालू नोट ६६ × १५० मिमी. ती उभी धरा. ५ रुपयांचं नवं, २५ मिमी व्यासाचं नाणं तिच्यावर आपल्या बाजूने ठेवा. खालची कड आपल्याकडे वर दुमडा, पण वरच्या कडेच्या १ सेंमी अलीकडे थांबा. मग डावी-उजवी बाजू प्रेक्षकांच्या दिशेला दुमडा. सवयीने तीन सारखे भाग केले की मधला २२ मिमीचा होतो आणि नाणं अडकतं. मध्ये ३० मिमी सोडा, दोन्हीकडे १८-१८ दुमडा. शेवटी वर उरलेली पट्टीही प्रेक्षकांच्याच दिशेला. ती आपल्याकडे दुमडली तर तोंड बंद होतं. बाहेर दुमडल्यामुळे पुडी चारही बाजूंनी बंद दिसते, पण वरचं तोंड उघडं राहतं. पुडीवरून नाण्याची गोलाई चाचपायला द्या, मग पुडी वरची खाली करा, नाणं आपसूक बोटांच्या मुळाशी येतं.

नाणं घसरल्यावर लगेच नोट उलगडू नका. पुडी आधी दुसऱ्या हातात द्या, फुंकर वगैरे जे काय करायचं ते करा, मग उलगडा.

कोरी नोट करकरते आणि घड्या उघडतात, वापरून मऊ झालेली मागा. २० चं नाणं बाराकोनी, त्याचे कोपरे घडीत अडतात. १ चं नवं नाणं २० मिमीचं, बोटांतून निसटतं. नोटेवर खुणेसाठी सही मात्र कधीच घेऊ नका. नोटेवर लिहू नये असं रिझर्व्ह बँक सांगतेच, आणि नोटेचा क्रमांक वाचून घेतला की खूण पक्की होते.

पंचवटीकर

कागदी कपांचं राहिलं. गोदाघाटावर चहासोबत तेच हाती येतात.

उत्तर ४ (रविवार कारंजा)

उपड्या कपातून गोळी आरपार गेल्याचं दाखवायचं. न वापरलेले तीन कप मागा, वापरलेले आतून ओले असतात आणि गोळी चिकटते. काचेचे कटिंगचे ग्लास पारदर्शक, ते बाद. नॅपकिनच्या ८ ते १० मिमीच्या चार गोळ्या, दाखवायच्या तीनच. वर्तमानपत्राची गोळी नको, ती कडक होते आणि वाजते.

चौथी गोळी एकात एक घातलेल्या कपांपैकी मधल्यात. कप एकेक काढून झपकन उपडे ठेवा, मधला मध्येच. मधल्याच्या बुडाच्या खोलगट भागात एक गोळी ठेवा, वर दोन्ही कप चढवा, टिचकी मारा, तिन्ही एकत्र उचला: लपलेली गोळी खाली. वरची गोळी आता पुन्हा मधल्या कपात आहे, म्हणजे पुढच्या फेरीची चौथी आपोआप तयार. कप सुलटे करून तसेच पुन्हा मांडा.

कप घट्ट बसले तर ओढताना झटका बसून गोळी उडते. म्हणून हातात येताच ते एकदा सुटे करून हलक्या हाताने पुन्हा एकात एक ठेवा. याच हालचालीत चौथी गोळीही आत जाते. घाटावर वारा असला तर मोकळ्यावर मांडू नका, रिकामे कप लवंडतात. पायरीच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून बसा.