वाचनालयासाठी ऑनलाइन पेपरची वर्गणी घ्यावी का?

प्रश्न (ग्रंथपाल, तालुक्याचं गाव)

आमचं 'क' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. टेबलावर सहा पेपर पडतात. सकाळी दार उघडायच्या आधीच एमपीएससीची मुलं बाहेर उभी असतात आणि संपादकीयाचं पान आधी कोणाला, यावरून रोज ओढाताण. दुपारपर्यंत ते पान घडीवर फाटायला येतं. एक अंक पन्नास-साठ जण वाचतात.

इंग्रजी पेपर एसटीने अकरानंतर येतो, म्हणून मुलं मोबाइलवर उघडतात. चार ओळी झाल्या की पुढे वाचायला वर्गणी मागतात. मग टेलिग्रामवरून पीडीएफ. परवा एकाने विचारलं, "सर, वाचनालयाच्या प्रिंटरवर काढून देता?" नाही म्हणालो, पण दिवसभर चुटपुट लागली. त्याला हवा होता तो पेपरच ना!

वाचनालयाने वर्गणी भरली तर लॉगिन एकच मिळणार. ते साठ जणांना वापरू देणं योग्य आहे का?

माजी वार्ताहर

प्रिंट दिली नाहीत ते बरं केलंत. मे 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दैनिक जागरणच्या ई-पेपरच्या पीडीएफ वाटणारे चॅनेल काढायला टेलिग्रामला सांगितलं होतं.

मी बारा वर्षं तालुका वार्ताहर होतो. पगार नाही, छापून आलेल्या बातमीमागे मानधन, वर वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिरातींचं टार्गेट. ज्या बाजार समितीच्या कारभारावर लिहायचं, तिच्याच केबिनमध्ये जाहिरात मागायला बसायचं. हमालांच्या थकलेल्या मजुरीची बातमी मी त्यापायी चार दिवस खिशात ठेवली. ते चार दिवस अजून बोचतात. आता दोन पेपरांची ऑनलाइन वर्गणी भरतो, पेन्शन नसताना. पैसे वाचकाकडून आले तर माझ्या जागी आज जो पोरगा आहे त्याला त्या केबिनमध्ये बसावं लागणार नाही, एवढीच आशा.

न्यू जर्सीहून

न्यूयॉर्क टाइम्सने मार्च 2011 मध्ये पैसे घ्यायला सुरुवात केली. महिन्याला 20 लेख फुकट, पुढच्या वर्षी 10. तेव्हा मी ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे किती लेख वाचले याची नोंद, पुसून वाचायचे, आज ते पटत नाही. इथली बरीच सार्वजनिक वाचनालयं स्वतः वर्गणी भरतात आणि कार्ड असलेल्यांना ठरावीक तासांसाठी कोड देतात, घरी बसून वाचता येतं. त्यासाठी वेगळा करार असतो. तेव्हा सर, वैयक्तिक लॉगिन वाटू नका. पेपरच्या वितरण विभागाला लेटरहेडवर पत्र लिहा, संस्थेचा दर विचारा.

पुणेकर

दोन गोष्टी. छापील अंकावर जीएसटी नाही, ऑनलाइन वर्गणीवर 18 टक्के आहे. अनुदानाच्या हिशोबाला पक्की पावती घ्या. आणि ऑटो-रिन्यू पहिल्याच दिवशी बंद करा. माझ्या वडिलांच्या खात्यातून एका पेपरने दुसऱ्या वर्षाचे पैसे परस्पर कापले, ते परत मिळवायला मला दोन महिने लागले.

ग्रंथपाल

आज दोन पेपरांना पत्रं टाकली. मुलांनाही वाचून दाखवली, एकाने इंग्रजी सुधारून दिलं. वार्ताहरसाहेब, त्या हमालांना मजुरी मिळाली का?

माजी वार्ताहर

अर्धी मिळाली. उरलेल्या अर्ध्याची बातमी मी दिली होती, ती छापून आली नाही.