मदत हवी आहे: बडोद्यात रमशिवाय प्लम केक

नमस्कार मंडळी. आम्ही फतेगंजचे, मूळचे नगरकडचे. सासूबाईंच्या काळी नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, अनारसे आणि रात्री पेटी-तबला घेऊन घरोघरी ना. वा. टिळकांची भजनं. आता सोसायटीत रात्री पेटी काढायची सोय नाही; भजनं संध्याकाळीच दिवाणखान्यात उरकतो. तेवढं अंगवळणी पडलं. अडलंय केकपाशी.

यंदा नवी सून आलीय, गोव्याची. तिच्या माहेरी काळ्या मनुका, बेदाणे, चेरी, संत्र्याच्या सालीचा मुरांबा असं सगळं महिनाभर आधी रममध्ये मुरत घालतात. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी! एका केकसाठी परमिटची उठाठेव कोण करणार?

संत्र्याच्या रसात भिजवलं तर फ्रिजमध्ये किती दिवस चालेल? की रस मनुकांसकट आटवून घ्यावा? केक २४ डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंत टिकायला हवा. शिवाय शेजारच्या बेनना अंडं चालत नाही, त्यांच्या ताटात बिनअंड्याचा द्यायचाय. दही घालू की कंडेन्स्ड मिल्क? स्वतः करून पाहिलेलंच सांगा हं, व्हिडिओ पुष्कळ पाहून झालेत.