नळी बदलण्याची घाई नको
३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या जुन्या रायफलीच्या गोळ्या १०० यार्डांवर चार इंचांत विखुरतात म्हणून नळीच बदलावी, हा सल्ला मला घाईचा आणि खर्चिक वाटतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून प्रथम स्कोपच्या (नेम धरण्याच्या दुर्बिणीच्या) माउंटचे, म्हणजे तिच्या बैठकीचे, आणि दस्त्याचे स्क्रू तपासावेत. वापरलेल्या रायफलीत पुष्कळदा तेच ढिले निघतात. लाकडी दस्ता दमट हवेने फुगून नळीला टेकला असेल, तर दोहोंमध्ये सरकवलेला कागद तेथे अडतो. अमोनियायुक्त द्रावणात भिजवून नळीतून फिरवलेली चिंधी निळसर हिरवी होऊन बाहेर आली, तर आत गोळ्यांच्या आवरणाचे तांबे साचले आहे असे समजावे. मात्र पितळी ब्रशही चिंधीला हाच रंग देतो, हे विसरू नये. नळीच्या तोंडाच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवल्यावर तंतू अडकला, तर तेथे टवका उडालेला असतो. एवढे झाल्यावरच, नळी थंड होऊ देत, वेगवेगळ्या वजनांच्या गोळ्या झाडून पाहाव्यात.