पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाती टॅब: मिनिटं मोजायची की खेळ बघायचा?

ठोकळेवाला:
जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी बैठ्या स्क्रीनला दिवसाला जास्तीत जास्त १ तास सांगितला. तेव्हापासून पालक घड्याळ धरून बसलेत. मूल काय खेळतंय ते कुणी बघत नाही. स्क्रॅच ज्युनियर या ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायच्या अ‍ॅपवरची वीस मिनिटं आणि फुगे फोडायच्या गेमवरची वीस मिनिटं एका मापात कशी मोजता? स्क्रॅच ज्युनियर (२०१४, अमेरिकेतली टफ्ट्स आणि एमआयटी ही विद्यापीठं) फुकट आहे, जाहिराती नाहीत, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. ठोकळे म्हणजे पडद्यावरच्या मांजराला द्यायच्या सूचना; त्यांच्यावर अक्षरांऐवजी चित्रं आहेत. २० बाय १५ चौकोनांची जाळी चालू करा, झाड ठेवा आणि मांजराला तिथवर न्यायला सांगा. उजव्या बाणाच्या निळ्या ठोकळ्यात मूल आकडा भरतं, मांजर उभं असलेला चौकोनही मोजतं आणि मांजर झाडाच्या पुढे जातं. चूक दाखवू नका. आकडा त्यालाच कमी करू द्या.

भोवरा:
ही तर सापशिडीतली चूक! तिथंही मुलं स्वतःच्या घरापासूनच 'एक' म्हणतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर बाण काढा, आठ-दहा पत्ते पुरेत. फरशीवर खडूनं झाड काढा. मांजर मूलच. खर्च शून्य, पाय हलतात ते वेगळंच.

ठोकळेवाला:
फरशीवर झाड आलं की मूल थांबतं, पत्ता काहीही सांगो. पडद्यावरचं मांजर सांगितलं तेवढंच करतं. चूक लपत नाही, ती तिथंच कळते.

भोवरा:
मग पत्ते एकानं लावायचे, डोळे बांधून दुसऱ्यानं चालायचं. चूक लगेच कळते, भांडणासकट.

लांबचं_बघा:
दोघंही डोळे विसरलात. लहान मूल पडदा नाकाजवळ आणतं, कारण हात लहान. टॅब स्टँडवर, कोपरापासून बोटांपर्यंतच्या अंतराहून लांब ठेवा. फोन नकोच. तैवाननं २०१० पासून मुलांना रोज १२० मिनिटं घराबाहेर काढण्याची मोहीम राबवली, ती चष्मा लागू नये म्हणूनच. खेळ कितीही हुशार असला तरी तो उन्हाची जागा घेत नाही. तेव्हा मिनिटं मोजावीच लागतात.

सेटिंगवाली:
तत्त्वं झाली, आता घरात घडतं ते. फुकट गेममध्ये जाहिरातीची फुली बारीक, कोपऱ्यात आणि उशिरा येते. मूल मधोमध टिचकी मारतं आणि प्ले स्टोअर उघडतं. उपाय: अँड्रॉइडवर सेटिंग्ज, सिक्युरिटी, अ‍ॅप पिनिंग (पडदा एकाच अ‍ॅपवर अडकवणं), 'अनपिन करताना पिन विचारा' हेही चालू करा, नाहीतर मूल दोन दिवसांत बाहेर पडायला शिकतं. आयपॅडवर तेच काम गाइडेड अ‍ॅक्सेस करतं. पिनिंगनं जाहिरात थांबत नाही, फक्त मूल गेमबाहेर जात नाही. जाहिरातीसाठी विमान मोड. त्यात जो गेम सुरूच होत नाही, तो काढून टाका. आणि प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायला लावा.

भोवरा:
एवढी कुलपं लावायची, तर मुळात ते हातात कशाला?

सेटिंगवाली:
कारण आजीचा फोन हातात येतोच.

ठोकळेवाला:
बंद करताना रड होते ती बहुतेकदा टायमरमुळे. काम अर्धवट असतानाच पडदा अडतो. स्क्रॅच ज्युनियरच्या एका प्रकल्पात चारच पानं असतात. 'आज एक पान' असं आधी ठरवा, पान झालं की हिरवा झेंडा (चालू करायचं बटण) दाबून घरच्यांना दाखवू द्या आणि मग बंद करा.

लांबचं_बघा:
पान चाळीस मिनिटं चाललं तर?

ठोकळेवाला:
तर पान सोपं द्या. एक झाड, एक मांजर, बस्स.