भिंतीशिवायचं भित्तिचित्र?

कोरेपान:
अनुवादात एका ओळीवर अडकले आहे. मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा यानं १९३१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या प्रदर्शनासाठी मेक्सिकन क्रांतीतला शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो सापाता याचं चित्र केलं. त्याच्या परिचयात 'पोर्टेबल म्युरल' आणि 'फ्रेस्को' हे शब्द लागोपाठ येतात. कोशात दोन्हींना भित्तिचित्रच दिलंय. म्हणजे माझं वाक्य होतं, 'हे सुवाह्य भित्तिचित्र भित्तिचित्र पद्धतीनं रंगवलं आहे.' संपादक विचारतात, भिंत उचलून नेणार का? चित्राखालच्या ओळीत जागा थोडी आहे. सुचवा.

ओळंबा:
कोश चुकलाय. म्युरल म्हणजे चित्र कुठे आहे ते, आणि फ्रेस्को म्हणजे ते कसं केलंय ते. रिव्हेराचंच पहिलं म्युरल घ्या. मेक्सिको सिटीच्या एस्कुएला नासिओनाल प्रेपारातोरिया या शाळेमध्ये १९२२ साली केलेलं, ते गरम मेणात रंग कालवून केलंय. म्युरल आहे, फ्रेस्को नाही. मेक्सिकोचाच दुसरा चित्रकार सिकेरोस, त्यानं तर पुढे मोटारींचा पायरॉक्झिलिन रंग आणि फवारा वापरला. सापाताच्या चित्राचं नेमकं उलटं: फ्रेस्को आहे, पण पोलादी चौकटीत सिमेंट भरून त्यावर चुना चढवलाय. साधारण २३८ बाय १८८ सेंटिमीटर. हलवता येतं, पण दोघांनी काखोटीला मारण्यातलं नाही. म्हणून म्युरलला भित्तिचित्र राहू द्या, फ्रेस्कोला फ्रेस्कोच लिहा.

शुद्धिपत्र:
आधी सगळ्यांना विनंती, 'भित्तीचित्र' असं दीर्घ लिहू नये. समासात तत्सम शब्द ऱ्हस्वच राहतो. (कोरेपान यांनी बरोबर लिहिलंय, पुढे कोणी बिघडवू नये म्हणून सांगतो.)
आता संपादकांना उत्तर. 'भित्ति' शब्द 'भिद्' धातूवरून आला, भिद् म्हणजे चिरणं, फोडणं. चिरलेल्या वेताची चटई, आडोसा, फळी हेही त्याचे जुने अर्थ संस्कृत कोशात आहेत. विटा-दगडांची भिंतच असली पाहिजे असं शब्दात कुठेही नाही. तेव्हा चौकटीतला फलकही भित्तीच, आणि 'सुवाह्य भित्तिचित्र' पूर्ण शुद्ध आहे.

तिरकस:
शुद्ध आहे हो, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात भिंतच उभी राहणार. तो काय वेताची चटई आठवत बसणार का? व्युत्पत्तीनं अर्थ ठरायला लागला तर 'तेल' फक्त तिळाचंच म्हणावं लागेल.

गेरू:
फ्रेस्कोला फ्रेस्कोच का? इटालियनमध्ये त्याचा अर्थ साधा 'ताजा'. ताज्या, म्हणजे ओल्या गिलाव्यावर केलेलं चित्र. आपल्याकडे गिलावा आहे, ओला आहे. 'ओलगिलावा चित्र' म्हणा. राजस्थानात याच जातीच्या कामाला 'आला-गीला' म्हणतात, दोन्ही शब्दांचा अर्थ ओला. आपला गिलावाही त्याच 'गीला'वरून आलेला.

शुद्धिपत्र:
नाही. गिलावा फारसीतून आला. गिल म्हणजे चिखल, आब म्हणजे पाणी. 'गीला'शी त्याचा संबंध नुसता कानाचा.

गेरू:
चिखल आणि पाणी मिळून काय होतं? गीलाच होतं ना!

ओळंबा:
व्युत्पत्ती राहू द्या, 'ओलगिलावा'ची अडचण वेगळी आहे. गिलाव्याचे थर दोन-तीन असतात आणि रंग फक्त शेवटच्यावर चढतो. खालचा थर जाडाभरडा: दोन-तीन भाग वाळूला एक भाग चुना. तो खरबरीत ठेवून वाळू द्यायचा. वरचा काही मिलिमीटरांचा. त्यात चुन्याचं प्रमाण जास्त आणि वाळूऐवजी संगमरवराची भुकटी. या वरच्या थराला इटालियनमध्ये 'इंतोनाको' म्हणतात. त्यासाठी आपल्या गवंड्यांकडे तयार शब्द आहे: नीरू. चुन्याचा बारीक घोटलेला शेवटचा हात. मग 'नीरूचित्र' का नको?

गेरू:
वा! नीरूचित्र घेतलं. पण चुन्याबद्दल एक राहिलं. कळीचा चुना विझवून महिनोन्‌महिने पाण्याखाली ठेवावा लागतो. घाई केली तर न विझलेला खडा नीरूत राहतो, नंतर ओल लागली की फुगतो आणि नेमका चेहऱ्यावरचा टवका उडतो. रंगात चिकट काही घालत नाहीत, नुसती पूड पाण्यात. चुना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड ओढून घेतो, त्याचा पुन्हा दगड होतो आणि रंग त्या कवचात कोंडला जातो. चुन्याला टिकणारेच रंग चालतात: गेरू, पिवडी, लोखंडाचे इतर ऑक्साइड. प्रशियन निळा चुन्यात मरतो.

पानकोबी:
मग त्या निवडुंगाचं काय? मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत १९२३ साली रिव्हेरानं फड्या निवडुंगाचा रस मिसळला होता ना?

गेरू:
होता. मेक्सिकोचीच जुनी रीत म्हणून गाजावाजाही झाला. पण तो रस म्हणजे सेंद्रिय माल, कुजून डाग पडायला लागले. मग नुसता चुना आणि पाणी. देशी असलेलं सगळंच टिकाऊ असतं असं नाही. (हे काही जणांना शब्दांबद्दलही सांगायचंय.)

शुद्धिपत्र:
टोमणा पोचला.

कोरेपान:
याच परिचयात पुढे 'जोर्नाता' आलाय. एका दिवसात होईल तेवढा तुकडा. 'दिवसभराचे काम' लिहिलंय, पण मिळमिळीत वाटतं.

ओळंबा:
'रोज'! गवंडीकामात एका दिवसाच्या कामालाही रोज म्हणतात आणि मजुरीलाही. 'सापाताचा चेहरा एका रोजात झाला.' झालं.

तिरकस:
छापा तसं. वाचक म्हणेल चेहरा रोज-रोज करत होते.

ओळंबा:
संदर्भानं कळतं. रोजाचं गणित समजलं की फ्रेस्को समजला. पहाटेपर्यंत मदतनीस खालचा थर भिजवून त्यावर त्या दिवसापुरताच नीरू चढवतात. पहिला तासभर हात लावायचा नाही, चुना कुंचल्याबरोबर उखडून येतो. मग नीरू रंग प्यायला लागतो, तेच खरे तास. पिणं थांबल्यावर रंग वर नुसता बसतो आणि वाळल्यावर हाताला लागतो. संध्याकाळी न रंगलेला नीरू करणीनं तिरका कापून काढायचा, तोही बाहीच्या किंवा टोपीच्या कडेनं, म्हणजे उद्याचा सांधा दिसत नाही. आकाशाच्या मधोमध कापलात तर जन्मभर रेघ दिसणार. शिवाय रंग वाळून फिका होतो, त्यामुळे कालचा निळा आज डोळ्यांनी जुळवता येत नाही, कालवलेला जपून ठेवावा लागतो.

पानकोबी:
आणि रेखाटन नीरूवर उतरवायचं ते कागदाला भोकं पाडून, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटून. आपला 'खाका' शब्द तिथलाच, खाक म्हणजे धूळ. लघुचित्रांचे कारागीर हेच करायचे. आता आपण 'अहवालाचा खाका' म्हणतो, त्यात धूळ तेवढी उरली आहे.

कोरेपान:
सुंदर. पण माझं 'पोर्टेबल'...

तिरकस:
त्याआधी शीर्षक दाखवा. 'अॅग्रेरियन लीडर सापाता'चं काय केलंत?

कोरेपान:
'कृषिनेता झपाटा'.

तिरकस:
झपाटा नको हो! मेक्सिकोत झेडचा उच्चार स, आणि टी म्हणजे त. सापाता. आणि कृषिनेता म्हटलं की बियाणं-खतांचं अनुदान मागणारा डोळ्यांपुढे येतो. सापाताचा १९११चा जाहीरनामा, आयाला योजना, वाचा: गावांच्या बळकावलेल्या जमिनी परत, आणि हासिएन्दांच्या, म्हणजे बड्या जमीनदारांच्या वाड्यांच्या, जमिनीतला एक तृतीयांश भाग मोबदला देऊन काढून घ्यायचा. भांडण शेतीचं नाही, जमिनीचं आहे. मराठीत 'कसेल त्याची जमीन' तयार असताना कृषी कशाला? 'कसणाऱ्यांचा नेता सापाता'.

शुद्धिपत्र:
हे मान्य. वर्णनाचा मसुदाही टाका.

कोरेपान:
'पांढऱ्या घोड्याचा लगाम धरलेला सापाता, हातात तलवार, पायाशी मेलेला जमीनदार आणि त्याची तलवार.'

पानकोबी:
पहिली तलवार खोडा. सापाताच्या हातात ऊस तोडायचं पातं आहे. त्याचा मोरेलोस प्रांत म्हणजे उसाचाच मुलूख. मराठीत त्याला कोयता म्हणतात, दुसरा शब्दच नाही. तलवार मेलेल्याची, कोयता जिंकलेल्याचा, चित्राचा अर्थ तिथेच आहे आणि तुम्ही दोघांना एकच हत्यार देऊन मोकळे. कपड्यांकडेही बघा. खरा सापाता फोटोंत चारो, म्हणजे मेक्सिकन घोडेस्वाराच्या पोशाखात, घट्ट विजार आणि रुंद टोपी घालून दिसतो. रिव्हेरानं त्याला शेतमजुराच्या पांढऱ्या सुती कपड्यांत उभं केलंय. 'पारंपरिक वेश' असं गुळमुळीत लिहू नका.

गेरू:
'पोर्टेबल'चं महत्त्व कळायचं तर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधलं रिव्हेराचं भित्तिचित्र आठवा. तिथल्या फ्रेस्कोत लेनिनचा चेहरा आला, मे १९३३मध्ये काम थांबवून रिव्हेराला सगळे २१,००० डॉलर दिले आणि चित्र झाकलं. फेब्रुवारी १९३४मध्ये ते भिंतीवरूनच फोडून काढलं.

शुद्धिपत्र:
फोडून काढलं, म्हणजे 'भिद्'. मी काय म्हणत होतो?

कोरेपान:
'फलकावरील नीरूचित्र' असं लिहून संपादकांना पाठवलं होतं. उत्तर आलंय: नीरू म्हणजे काय, तळटीप द्या.

ओळंबा:
तळटीपेत अजिंठ्याचा उल्लेख नको. ते नीरूचित्र नाही, मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, वाळल्यावर डिंकात कालवलेल्या रंगांनी केलंय.

तिरकस:
अजिंठ्याला फ्रेस्को न म्हणणारे आले! आता हा धागा शंभरी गाठणार.