तापीच्या उलट दिशेने : खानदेशातले किल्ले आणि जुनी गावं, तुमचे अनुभव लिहा

सुट्टी लागली की आपल्याकडची कुटुंबं ताप्ती लाईनची गाडी धरून सुरत गाठतात. डुमसला समुद्र बघायचा, टोमॅटोची भजी खायची, जमलं तर पुढे दमण किंवा तिथलचा किनारा. त्याच डुमसजवळ आपली तापी समुद्राला मिळते. सुरतेच्या बंदरातला माल बैलांच्या तांड्यांवर लादून नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा तापीच्या खोऱ्यातून बऱ्हाणपूरला जायचा. 1615 मध्ये इंग्रजांचा वकील टॉमस रो याच रस्त्याने गेला. हा रस्ता ज्याच्या ताब्यात, त्याचा खानदेश. म्हणून इथे एवढ्या गढ्या आणि कोट आहेत. या रस्त्यावर आणि त्याच्या आसपास तुम्ही काय पाहिलंत ते सविस्तर लिहा. नुसता किल्ला नको, गावही येऊ द्या.

बोरीकाठची

ताई, धागा काढलात ते फार बरं झालं. मी थाळनेरपासून सुरुवात करते, कारण खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी तीच. शिरपूर तालुक्यात, थेट तापीवर. किल्ल्याचं आता फारसं काही उरलेलं नाही, पण नदीच्या बाजूने उभं राहिलं की ही जागा का निवडली ते लगेच कळतं. समोर तापीचं सगळं पात्र, येणारा-जाणारा कुणीच नजरेतून सुटणार नाही.

गावाजवळ फारुकी सुलतानांच्या कबरींचे घुमट आहेत. त्यातल्या अष्टकोनी घुमटाचं कोरीवकाम पाहायला आम्ही बराच वेळ थांबलो. शेतावरून परतणारे एक बाबा ‘कथाईन उनात?’ (कुठून आलात?) म्हणून चौकशी करत आले आणि मग आम्हाला घेऊन गावभर फिरले. 1818 च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी दिलं. होळकरांनी तहात किल्ला देऊन टाकला होता, पण आतल्या शिबंदीने तो सोडला नाही. आतली माणसं कापली गेली. बाबा हे सांगताना आवाज खाली आणून बोलत होते, कालपरवाचं असल्यासारखं. लतादीदींचं आजोळही हेच. ते मात्र त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

या गावाला माहितीचा एक नीट फलक तरी मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

सातपुडा_पायथा

भामेर. साक्री तालुका, निजामपूरपासून जवळ. गाव किल्ल्याच्या कुशीतच आहे. जुन्या दरवाज्याचे कोरीव दगड रस्त्यालगत दिसतात आणि माणसं त्यांच्या शेजारून गुरं घेऊन जातात. वर कातळात ओळीने कोरलेल्या लेण्या आहेत, काहींत पाणी साठलेलं असतं. डोंगराची तीन टोकं असल्यामुळे घाईत सगळं पाहून होत नाही. वरून आजूबाजूच्या माळावरच्या पवनचक्क्या दिसतात. परतताना बळसाण्याची जुनी देवळं पाहाच. नक्षी बघायची असेल तर ऊन तिरपं असताना जा.

गिरणेवाला

पारोळा भुईकोट, 1727 चा. खंदक, बुरूज अजून उभे आहेत. बाजारपेठेला लागूनच आहे, त्यामुळे जाणंही सोपं. झाशीच्या राणीचं माहेरचं तांबे घराणं इथलं, हे गावात कुणीही सांगेल.

मला जास्त लिहायचंय ते चाळीसगावजवळच्या पाटण्याबद्दल. चाळीसगावहून पाटणादेवीला लोक दर्शनाला जातात, धबधबा बघतात आणि परततात. पण गणित शिकलेल्या प्रत्येकाने तिथे एकदा तरी जावं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. शके 1128 चा शिलालेख आहे तो त्याचाच. लेख संस्कृतात, शेवटच्या ओळी मात्र मराठीत, कारण त्यात रोजचा व्यवहार आहे: पाटण्याच्या बाजारात येणाऱ्या मालातून मठाला किती द्यायचं. म्हणजे बाजारात माल विकणारा माणूस भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ ग्रंथाच्या अभ्यासाचा खर्च उचलत होता! डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख जगासमोर आणला. मी शाळेत गणित शिकवतो. मुलांना तिथे नेऊन हे सांगितलं तेव्हा नेहमी दंगा करणारी पोरंही गप्प बसून ऐकत होती.

जवळच्या जंगलात महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे, कण्हेरगडाची वाट तिथूनच जाते. अभयारण्य असल्याने वेळेत बाहेर पडा.

तांब्याचा हंडा

सोनगीरचं नाव अजून कसं आलं नाही? आग्रा रोडवर, धुळ्याच्या उत्तरेला. किल्ला तासाभरात होतो. वर खोल विहीर आहे, लहान मुलं सोबत असतील तर हात सोडू नका. खरी मजा खाली गावात. तांब्या-पितळेची भांडी घडवणारी तांबट मंडळी इथे पिढ्यान् पिढ्या काम करतात. ठोक्यांच्या आवाजाकडे चालत जा, विचारलं तर माणसं काम दाखवतात. माझ्या लेकीच्या रुखवतातली घागर तिथलीच.

पांझरेकाठी

धुळ्याच्या दक्षिणेला हायवेलगत लळिंग. पायथ्याला जुनं देऊळ, वर टाकी आणि तटबंदी. त्याच परिसरातल्या लांडोर बंगल्यात 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर थांबले होते. धुळ्याच्या कोर्टात एका खटल्यासाठी आले होते ते. दरवर्षी त्याच तारखेला, 31 जुलैला, तिथे माणसांची रीघ लागते. माझी आई न चुकता जायची, आता मी जाते. त्या दिवशी किल्ल्याच्या पायथ्याला जे वातावरण असतं, ते अनुभवायलाच हवं.

सातपुडा_पायथा

सगळ्यांसाठी एक सूचना: मार्च ते जून नको. आपलं ऊन माहीत आहेच, आणि वरच्या टाक्यांतलं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही. पावसाळा सरता सरता किंवा थंडीत निघा. थंडीत गेलात तर कुणाच्या तरी शेतावर भरीत आणि कळण्याची भाकरी मिळतेच.

बोरीकाठची

आता उगमाकडे सरकू या. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव आणि यावलची गढी अजून राहिलीत. मुक्ताईनगर, यावलकडच्या भावाबहिणींनो, लिहा. पुढच्या महिन्यात घरच्यांना घेऊन तिकडे निघायचं आहे.